झाडीपट्टीच्या चौदा नाटकांचे फुटेज: एकच प्रोजेक्ट ठेवावा की प्रत्येक नाटकाचा वेगळा?

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी ब्रह्मपुरी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घरी धानाची शेती आहे आणि तिच्या जोडीला लग्न, मंडई, शंकरपट अशा कार्यक्रमांचे चित्रीकरण व संकलन करतो. आजवरचे माझे सर्वांत मोठे काम म्हणजे तीन दिवसांचे एक लग्न होते. फुटेज फोल्डरमध्ये टाकायचे, सॉफ्टवेअरमध्ये ओढायचे आणि कापायला बसायचे, एवढीच माझी पद्धत होती आणि तिने मला कधी दगा दिला नाही. गेल्या हंगामात मात्र मी झाडीपट्टीतील चौदा नाटके पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत चित्रित केली आणि आता त्या ढिगाऱ्यासमोर हात टेकून बसलो आहे.

जे वाचक या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांच्या पट्ट्यात धान निघाले की नाटकांचा हंगाम लागतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत तो चालतो. अनेक नाट्यमंडळांची कार्यालये देसाईगंजला, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या वडशाला आहेत. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेच्या आसपास संपते, म्हणजे एका नाटकाचे साधारण पाच तास धरावे लागतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरची माणसेही या रंगभूमीविषयी विचारू लागली आहेत. त्यातूनच दीड तासाचा एक माहितीपट करावा असे मला वाटले. शिवाय प्रत्येक मंडळाला त्याच्या नाटकाचे पूर्ण मुद्रण (रेकॉर्डिंग) द्यायचे मी कबूल केले आहे.

दोन कॅमेरे फुल एचडीमध्ये, सेकंदाला २५ फ्रेम आणि ५० मेगाबिट या दराने चालू होते, तिसरा मोबाइल विंगेत लावला होता आणि मिक्सरवरून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. हिशेब केला तर एका कॅमेऱ्याचे तासाला साडेबावीस जीबी, मोबाइलचे नऊ जीबी, म्हणजे एका नाटकाचे दोनशे सत्तर जीबी आणि चौदा नाटकांचे जवळजवळ पावणेचार टीबी होतात. हे सारे एक ४ टीबीची आणि एक २ टीबीची अशा दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर विखुरलेले आहे. दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरतो आणि संगणकात १६ जीबी रॅम आहे.

सगळी नाटके मी एकाच प्रोजेक्टमध्ये घातली. तो उघडायला आता अकरा मिनिटे लागतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे. त्यातच गेल्या महिन्यात डिस्क उलटसुलट क्रमाने जोडल्या गेल्या आणि अर्ध्याअधिक क्लिपा लाल झाल्या, म्हणजे सॉफ्टवेअरला त्यांच्या फाइली सापडेनाशा झाल्या. त्या पुन्हा जोडताना सॉफ्टवेअरने तिसऱ्या नाटकाच्या टाइमलाइनवर (संकलनाच्या पट्टीवर) नवव्या नाटकाचे दृश्य आणून बसवले. नायक बापाची क्षमा मागत आहे आणि समोर दुसऱ्याच नाटकातला पाटील मिशीला पीळ देत उभा आहे, असे ते दिसत होते. घरच्यांनी पोट धरून हसून घेतले, पण माझे आठ दिवस गेले.

माझे प्रश्न असे आहेत. प्रोजेक्ट एक असावा की चौदा? फाइलींची नावे बदलावीत की कॅमेऱ्याने दिलेलीच ठेवावीत? आणि प्रॉक्सी, म्हणजे कापताना वापरायची हलकी प्रत, सगळ्याची करावी का? धानाचे चुकारे (विक्रीचे पैसे) अजून व्हायचे आहेत, त्यामुळे नवीन संगणक हे उत्तर कृपया कोणी देऊ नये.

संकलक (नागपूर) यांचे उत्तर

भाऊ, तुमच्या तीन प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तो मी विचारतो. या पावणेचार टीबीची दुसरी प्रत कुठे आहे? तुमच्या लिहिण्यावरून ती नाही असे दिसते. नाटक पुन्हा होईल, पण तो प्रयोग पुन्हा होणार नाही. तेव्हा पहिला खर्च एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) न करता आणखी एका ४ टीबी डिस्कवर करा. सगळे फुटेज तीवर उतरवून ती दुसऱ्या घरी, शक्य असेल तर दुसऱ्या गावी ठेवा. नक्कल करताना विंडोजचे साधे कॉपी-पेस्ट न वापरता टेराकॉपीसारखे साधन वापरा आणि त्यातील पडताळणीचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे मूळ फाइल आणि नक्कल तंतोतंत एक आहेत की नाही हे ते तपासून सांगते.

आता नायक आणि पाटलाची भेट कशी झाली ते पाहू. कार्ड कोरे केल्यावर बरेच कॅमेरे क्लिपांना पुन्हा पहिल्यापासून क्रमांक देतात. त्यामुळे तुमच्याकडे ‘सी ०००१’ नावाची एक फाइल नसून चौदा किंवा अठ्ठावीस फाइली आहेत. क्लिप हरवली की रिझॉल्व्ह तुम्ही दाखवलेल्या फोल्डरात तिच्या नावाची आणि टाइमकोडची (क्लिपमध्ये नोंदलेल्या वेळेची) फाइल शोधते. नाव सारखे असेल आणि टाइमकोडनेही दोघींत फरक पडत नसेल, तर चुकीची फाइल उचलली जाणे अगदी साहजिक आहे. यात सॉफ्टवेअरचा दोष मी फारसा मानत नाही. पोस्टमनला एकाच गल्लीत एकाच नावाची चौदा माणसे सापडली, तर तो तरी काय करणार?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मोठ्या कामाची घडी आधी डिस्कवर बसवावी लागते, मग नोंदवहीत, आणि शेवटी सॉफ्टवेअरमध्ये. बहुतेक जण उलट करतात. बिनांना, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या फोल्डरांना, रंग देतात, बिनात बिन घालतात आणि डिस्कवर मात्र ‘नवीन फोल्डर ३’ तसाच राहतो. उद्या प्रोजेक्ट बिघडला, सॉफ्टवेअर बदलले किंवा काम दुसऱ्याच्या हाती द्यावे लागले, तर बिनांची ती सारी रचना निरुपयोगी होते, पण डिस्कवरची रचना कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तशीच्या तशी उघडता येते.

प्रत्येक नाटकाचा एक फोल्डर करा आणि त्याचे नाव तारखेने सुरू करा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावांचा क्रम आपोआप काळाच्या क्रमाने लागतो. त्यात कॅमेरा १, कॅमेरा २, मोबाइल, ध्वनी, छायाचित्रे आणि तयार फाइली असे सहा फोल्डर असावेत. तेच सहा, त्याच नावांनी, चौदाही नाटकांत असावेत, एखादा रिकामा राहिला तरी चालेल. नावे मी येथे मराठीत लिहीत असलो तरी प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा, कारण झिप करताना किंवा जुन्या साधनांत देवनागरी नावांची कधी कधी चिन्हे होऊन जातात. फोल्डरात फोल्डर अशी उतरंडही फार खोल नेऊ नका. विंडोजमध्ये फाइलीचा संपूर्ण पत्ता सहसा २६० अक्षरांच्या आत असावा लागतो आणि तो ओलांडला की नक्कल मध्येच अडकते.

फाइलींची नावे मी बदलतो. प्रत्येक नावाच्या आधी नाटकाचा क्रमांक आणि कॅमेऱ्याचा क्रमांक जोडतो, म्हणजे ‘ना०९_क२_सी०००१’ असे एकमेव नाव तयार होते. हे काम फाइली सॉफ्टवेअरमध्ये घेण्याच्या आधी, एकदाच करायचे. नंतर केले तर सगळ्याच क्लिपा लाल होतील.

डिस्क उलटसुलट जोडल्याने पत्ता बदलला, यावर उपाय अगदी सोपा आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रत्येक बाहेरच्या डिस्कला इंग्रजी वर्णमालेच्या शेवटाकडचे एक अक्षर कायमचे देऊन टाका, म्हणजे पेनड्राइव्हने ते बळकावण्याची शक्यता कमी होते.

प्रोजेक्ट चौदा अधिक एक असावेत. प्रत्येक नाटकाचा वेगळा प्रोजेक्ट, त्यात त्या नाटकाचे सिंक (चित्र आणि आवाज जुळवणे) आणि त्याचे पूर्ण मुद्रण; आणि माहितीपटाचा पंधरावा प्रोजेक्ट, ज्यात फक्त निवडलेले तुकडे येतील. नाटकाच्या प्रोजेक्टमध्ये ‘निवड’ नावाची एक टाइमलाइन करा, तिच्यावर माहितीपटाला उपयोगी वाटेल ते टाका, ती टाइमलाइन डीआरटी फाइल म्हणून बाहेर काढा आणि पंधराव्या प्रोजेक्टमध्ये आणा. चौदा नाटकांतून प्रत्येकी वीस मिनिटे आली तरी पंधराव्या प्रोजेक्टला सत्तर तासांऐवजी पाच तासांचेही फुटेज सांभाळावे लागणार नाही.

पऱ्हाटी (वर्धा) यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण नावे बदलण्याच्या बाबतीत अजिबात नाही. कॅमेऱ्याने दिलेली फाइल ही सात-बाराच्या उताऱ्यासारखी असते, तिच्यावर आपण पेन चालवू नये. काही कॅमेरे, विशेषतः जुने एव्हीसीएचडी या मुद्रणपद्धतीचे, कार्डावर ठरावीक फोल्डरांची रचना करतात आणि लांब चित्रीकरण अनेक फाइलींत तोडून ठेवतात. ते तुकडे एकमेकांना कसे जोडायचे याची माहिती त्याच रचनेतल्या इतर लहान फाइलींत असते. मी एकदा उत्साहाने एका कीर्तन सप्ताहाच्या सगळ्या फाइलींची नावे बदलली आणि त्या लहान फाइली अनावश्यक समजून पुसल्या. त्यानंतर प्रत्येक तुकड्याच्या जोडावर आवाजात खटका येऊ लागला आणि बाराशे जोड मला हाताने तपासावे लागले. तेव्हापासून मी संपूर्ण कार्ड जसेच्या तसे एका फोल्डरात उतरवतो आणि फक्त त्या बाहेरच्या फोल्डरला एकमेव नाव देतो.

मग एकाच नावाच्या क्लिपा वेगळ्या कशा ओळखायच्या, असे कोणी विचारेल. रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रील-नाव (क्लिप कोणत्या कार्डातली याची ओळख) कोठून घ्यायचे याची सोय आहे. ते फाइलीच्या पत्त्यावरून, म्हणजे फोल्डरच्या नावावरून घ्यावे असे तेथे सांगता येते. तसेच मीडिया पूलमध्ये, म्हणजे आत घेतलेल्या क्लिपांच्या यादीत, क्लिपला दाखवण्यापुरते वेगळे नाव देता येते, डिस्कवरच्या फाइलीला धक्काही लागत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. आमच्याकडे पावसाळ्यात वावराकडच्या लाइनवर झाड पडले की सगळे गाव अंधारात जाते आणि तुमच्याकडेही भारनियमन असेलच. रिझॉल्व्ह आपले प्रोजेक्ट सुट्या फाइलींऐवजी आपल्या प्रोजेक्ट लायब्ररीत, म्हणजे पूर्वी ज्याला डेटाबेस म्हणत त्यात ठेवते. त्यामुळे फुटेजचा फोल्डर जपून ठेवला म्हणजे कामही जपले गेले, असे होत नाही. प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्ट बॅकअपचा पर्याय आहे, तो चालू आहे का ते पाहा. शिवाय दर रविवारी प्रत्येक चालू प्रोजेक्टची डीआरपी फाइल बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवा. तिच्यात फुटेज नसते, फक्त तुमचे काम असते, म्हणून ती छोटी असते. आणि ती उघडते की नाही हे महिन्यातून एकदा उघडून पाहा. मी दोन वर्षे निष्ठेने बॅकअप घेतला आणि ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी कळले की तो सगळा बॅकअप त्याच डिस्कवर जात होता, जी बंद पडली होती.

वैनगंगाकाठ

दोघांचेही आभार. माझे दोन्ही कॅमेरे सुट्या एमपी४ फाइली देतात आणि मोबाइलही तसाच आहे, एव्हीसीएचडी कोणताच नाही. मग नावे बदलली तर चालेल का? आणि एक शंका अशी की चौदा प्रोजेक्ट केल्यावर लोगो, सुरुवातीची पाटी आणि मंडळांच्या नावपट्ट्या चौदा वेळा आणाव्या लागतील ना?

संकलक (नागपूर)

पऱ्हाटी यांचा आक्षेप मला मान्य आहे. कार्डाची रचना असलेल्या कॅमेऱ्यांबाबत त्यांची पद्धतच योग्य आहे आणि मी ते आधीच स्पष्ट करायला हवे होते. सुट्या एमपी४ फाइली असतील तर नाव बदलायला हरकत नाही. मात्र कॅमेऱ्याने प्रत्येक क्लिपसोबत त्याच नावाची दुसरी लहान फाइल ठेवली असेल, तर दोघींची नावे एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने बदला.

लोगो आणि पाट्यांसाठी पॉवर बिन आहेत. साधे बिन त्या त्या प्रोजेक्टपुरते असते, पण पॉवर बिन त्या लायब्ररीतल्या सर्व प्रोजेक्टांत दिसते. फक्त त्यात नाटकाचे फुटेज कधी टाकू नका, नाहीतर तोच गोंधळ नव्या दाराने आत येईल.

तुमचा प्रोजेक्ट अकरा मिनिटे का घेतो, याचे कारणही सांगतो, कारण त्यावरून पुढचे बरेच समजते. प्रोजेक्टमध्ये चित्र नसते, चित्राकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी असतात. पाच तासांच्या, तीन कॅमेऱ्यांच्या चौदा टाइमलाइन आणि त्यांच्या जुन्या प्रती मिळून अशा लाखभर नोंदी सहज होतात. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्ट उघडताना सगळ्या टाइमलाइन लोड करण्याचा एक पर्याय असतो, तो चालू असेल तर बंद करा; थोडा फरक आजच पडेल. हे दुखणे फक्त रिझॉल्व्हचे नाही. प्रीमियर प्रो या दुसऱ्या संकलन सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टची एकच फाइल असते आणि तीही अशीच फुगते, म्हणून त्याच्या निर्मात्यांनी २०२० मध्ये ‘प्रॉडक्शन्स’ नावाची व्यवस्था आणली, जिच्यात एक मोठे काम अनेक लहान प्रोजेक्टांत वाटून ठेवता येते आणि एका प्रोजेक्टमधली क्लिप दुसऱ्यात नव्याने न आणता वापरता येते. अॅव्हिड या सॉफ्टवेअरमध्ये तर पूर्वीपासूनच प्रत्येक बिन ही स्वतंत्र फाइल असते आणि जेवढी उघडाल तेवढीच लोड होते. म्हणजे मोठे काम तोडून ठेवण्यात आपण काही जुगाड करत आहोत असे समजू नका, व्यवसायाची रीतच ती आहे.

नवीन प्रोजेक्ट उघडल्यावर, एकही क्लिप आत घेण्यापूर्वी, टाइमलाइनचा दर २५ फ्रेम असा ठरवून टाका. रिझॉल्व्हमध्ये फुटेज आत आल्यावर प्रोजेक्टचा हा दर बदलता येत नाही. आणि मोबाइलचे फुटेज थेट घेऊ नका. बहुतेक मोबाइल बदलत्या फ्रेमदराने मुद्रण करतात, त्यामुळे पहिल्या अंकात जुळलेला ओठांचा आवाज तिसऱ्या अंकात पुढे-मागे होतो. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या मोफत साधनांनी ते आधी स्थिर २५ फ्रेमचे करून घ्या.

नोंदवही (कुरखेडा)

मी व्यवसायाने शिक्षिका आहे, संकलक नाही. परंतु आमच्या परिसरातील म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या आणि रोवणीची गाणी मी चार वर्षे चित्रित करत आहे आणि ते सारे चाळीस तासांच्या वर गेले आहे. वर संकलकांनी ‘मग नोंदवहीत’ असे दोन शब्दांत जे उरकले, त्यातच माझी दोन वर्षे वाया गेली आहेत, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

नोंदवही म्हणजे साधी स्प्रेडशीट. एका ओळीत नाटकाचा क्रमांक, फाइलीचे नाव, कुठून कुठपर्यंतची वेळ, पडद्यावर कोण आहे, काय घडत आहे आणि ते कशासाठी उपयोगी पडेल, एवढेच लिहावे. सत्तर तास बघत नोंदी करणे म्हणजे जीव जाईल असे भाऊंना वाटेल, पण तुम्ही नाटक प्रत्यक्ष पाहिलेले आहे, तेव्हा दुप्पट वेगाने पाहिले तरी पुरते. मी एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त करत नाही, त्यानंतर नोंदी आळशी होतात.

माझी चूक अशी झाली की मी सुचेल तो शब्द लिहीत गेले. एकाच वाद्याला एका दिवशी मी ‘पेटी’ लिहिले, दुसऱ्या दिवशी ‘हार्मोनियम’ आणि एकदा भाषेचा उमाळा आला तेव्हा ‘संवादिनी’. संगणकाला हे तिन्ही एकच आहेत हे कळत नाही. त्याहून मोठा घोळ ऱ्हस्व-दीर्घाचा झाला. मी काही ठिकाणी ‘रंगभूषा’ लिहिले होते आणि मदतीला आलेल्या मुलीने ‘रंगभुषा’. शोधताना निम्म्या नोंदी सापडल्याच नाहीत आणि ते दृश्य आपल्याकडे नाही असे समजून मी एका आजीकडे पुन्हा चित्रीकरणाला गेले. आजी खूश झाल्या, तेवढे एक बरे झाले.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पंधरा-वीस शब्दांची यादी ठरवा आणि ती भिंतीवर चिकटवा. तुमच्या विषयासाठी ‘प्रवेश’, ‘गाणे’, ‘लावणी’, ‘नकल’, ‘विंग’, ‘रंगभूषा’, ‘वाद्यवृंद’, ‘प्रेक्षक’, ‘तिकीट खिडकी’, ‘मुलाखत’ असे शब्द असू शकतील. यादीबाहेरचा शब्द लिहायचा नाही, लागलाच तर आधी यादीत घालायचा. झाडीबोलीतले संवाद जसेच्या तसे लिहून ठेवायचे असतील तर त्यांचा रकाना वेगळा करा. बोलीचे लेखन प्रत्येक जण वेगळे करतो, त्यामुळे शोधण्यासाठी त्या रकान्यावर विसंबता येत नाही.

हेच शब्द नंतर सॉफ्टवेअरमध्ये क्लिपांना कीवर्ड म्हणून द्यावेत. मला माझ्या भाच्याने दाखवले की रिझॉल्व्हमध्ये स्मार्ट बिन असते, म्हणजे ‘रंगभूषा’ हा शब्द असलेल्या सगळ्या क्लिपा त्यात आपोआप गोळा होतात आणि एकच क्लिप ‘रंगभूषा’ व ‘मुलाखत’ या दोन्हींत दिसू शकते. हाताने केलेल्या बिनात तुम्ही ती एकाच जागी ठेवता आणि मग ती नेमकी कुठे ठेवली हे आठवत बसता.

संकलक (नागपूर)

ताईंनी लिहिले ते मी माझ्या कार्यालयात छापून लावणार आहे. आमच्याकडे ‘मुलाखत’, ‘इंटरव्ह्यू’ आणि ‘बाइट’ असे तीन कीवर्ड सुखाने नांदत आहेत.

प्रॉक्सीचे राहिले होते. सगळ्याची करू नका. फुल एचडीचा एक प्रवाह तुमचा संगणक ओढू शकेल, अडचण तीन प्रवाह एकाच वेळी चालवताना येते. अर्ध्या लांबी-रुंदीच्या, ९६० गुणिले ५४० च्या, डीएनएक्सएचआर एलबी या हलक्या स्वरूपातल्या प्रॉक्सीला तासाला सुमारे चार जीबी लागतात, म्हणजे एका नाटकाच्या पंधरा तासांना साठ जीबी. चौदाही नाटकांचे केले तर आठशेच्या वर जातील, पण तुम्ही एका वेळी एकच नाटक कापणार आहात. त्या नाटकाच्या प्रॉक्सी करा, काम संपले की पुसा. मूळ फुटेज आहे तोवर त्या पुन्हा करता येतात. संगणकात असलेल्या डिस्कवर शंभर जीबी मोकळे ठेवले की झाले, एसएसडी पुढच्या चुकाऱ्यावर.

सिंक करताना पाच तासांचा आवाज एका तुकड्यात जुळवू नका. तुमच्या रेकॉर्डरने मोठी फाइल दोन जीबीपाशी तोडली असेल, तर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या स्टिरिओ मुद्रणात सुमारे दोन तासांनी नवीन फाइल सुरू झालेली दिसेल. शिवाय कॅमेऱ्याचे आणि रेकॉर्डरचे घड्याळ कधीच तंतोतंत एका चालीने चालत नाही. दहा लाखांत दहा भागांचा फरक असला, तरी पाच तासांत ०.१८ सेकंद, म्हणजे साडेचार फ्रेम निसटतात. अंकानुसार तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा ध्वनिलहरींवरून नव्याने जुळवा.

पऱ्हाटी (वर्धा)

एक राहिले. ब्रह्मपुरीचा उन्हाळा म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर. बाहेरच्या हार्ड डिस्क दुपारी टिनाच्या खोलीत तासन्तास चालवू नका. पावणेचार टीबीची नक्कल रात्री लावा आणि डिस्क एकमेकींवर न रचता वेगवेगळ्या ठेवा. कुलरची हवा घ्या, पण त्याच्या थेट समोर ठेवू नका, ओल लागते.

वैनगंगाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ४ टीबीची तिसरी डिस्क उधारीवर घेतली, सगळ्याची पडताळणीसह नक्कल केली आणि ती डिस्क वडशाला बहिणीच्या घरी ठेवून आलो. नक्कल पूर्ण व्हायला पाच रात्री लागल्या. डिस्कना कायमची अक्षरे दिली, नावे बदलली आणि आतापर्यंत सहा नाटकांचे स्वतंत्र प्रोजेक्ट केले आहेत. त्यातला सर्वांत मोठा चाळीस सेकंदांत उघडतो. जुना अकरा मिनिटांचा प्रोजेक्ट पुसण्याची हिंमत झाली नाही, त्याची डीआरपी फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवली आहे.

नोंदवहीने मात्र एक वाईट बातमी दिली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे रकाने भरत गेलो तेव्हा लक्षात आले की सहाव्या नाटकाच्या रेकॉर्डरच्या दोनच फाइली आहेत, तिसरी कधी उतरवलीच नव्हती. ते कार्ड मी सातव्या नाटकाआधी स्वतः कोरे केले होते. शेवटच्या अंकाचा मिक्सरवरचा आवाज कायमचा गेला. कॅमेरा १ च्या आवाजात प्रेक्षकांच्या शिट्ट्या फार आहेत. कॅमेरा २ वाद्यवृंदाजवळ होता, त्यात गाणी छान आहेत, पण संवाद लांबून येतात. गाण्यांना दुसरा आणि संवादांना पहिला असे आलटून पालटून लावून पाहिले, तर आवाजाचा पोत दर दोन मिनिटांनी बदलतो आणि कानाला खटकतो.

संकलक (नागपूर)

आलटून पालटून लावू नका. कॅमेरा १ चा आवाज संपूर्ण अंकभर अखंड चालू ठेवा आणि कॅमेरा २ चा आवाज फक्त गाण्यांच्या वेळी त्याखाली हळूहळू वर आणा, गाणे संपताना हळूहळू उतरवा. शिट्ट्या अंकभर एकसारख्या राहिल्या तर त्या प्रयोगाचाच भाग वाटतात. विंगेतल्या मोबाइलचा आवाजही एकदा ऐकून पाहा. तो नटांच्या सर्वांत जवळ होता. जुळवण्याआधी त्या फाइलीचा फ्रेमदर स्थिर केला आहे ना, तेवढे तपासा.

वैनगंगाकाठ

मोबाइलचा आवाज ऐकलाच नव्हता. आज ऐकला. बापाचा शेवटचा संवाद स्वच्छ आहे, फक्त मधूनच पडदा ओढणारा मुलगा कोणाला तरी चहा मागतो. मंडळाच्या मुद्रणातून ते वाक्य काढतो आहे. माहितीपटासाठी त्याची ‘विंग’ या कीवर्डाखाली नोंद केली आहे.